सायकली घेऊन कुठे जावं?

प्रश्न : ऑक्टोबरात मोटारीवर रोड सायकली लादून दापोलीला जायचंय. किनाऱ्याचा रस्ता सपाटच असेल ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बेत छान आहे, पण तो रस्ता सपाट नाही. केळशी-आंजर्ले-हर्णै पट्ट्यात सतत चढउतार, त्यात ऑक्टोबरचा दमट उकाडा. तिकडे डिसेंबरात जा. आत्ता वाईला मुक्काम करा. मेणवली, धोम धरण रमतगमत होतं. पाय सरावले की पसरणी घाटाने पाचगणी गाठा, उंची सुमारे १,३०० मीटर. घाट उजाडतानाच चढा. सुट्टीत नंतर गाड्यांची रांग लागते. उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका, रिम तापते. आणि कॅरिअरवरच्या सायकलींनी नंबरप्लेट, मागचे दिवे झाकले जात नाहीत ना, हे निघण्यापूर्वी नक्की पाहा.