डायरेक्ट लाईन आणि चाबीची लाईन

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत पिकअप म्हणजे आजची बैलगाडी. धान, तेंदूपत्ता, बाजाराचा माल, वेळ पडली तर पेशंटसुद्धा त्यातच. मग हळूहळू तिला जादा लॅम्प, चार्जर, टेप, जीपीएस ट्रॅकर असं एकेक लागत जातं. तेव्हा ऑटो इलेक्ट्रिशियन विचारतो, "डायरेक्ट देऊ का चाबीवर?" याचं उत्तर आपली थिअरी देते.

बॅटरीच्या प्लसवरून सतत चालू असते ती डायरेक्ट लाईन. चाबी फिरवल्यावरच सप्लाय येतो ती चाबीची. जर्मन डिन पद्धतीत यांना अनुक्रमे ३० आणि १५ नंबर आहेत. वायरच्या रंगावर मात्र जाऊ नका. चाबी काढून मल्टिमीटर लावा. तरीही १२ व्होल्ट दिसले तर ती डायरेक्ट.

आता काय कुठे द्यायचं? चाबी काढल्यावरही ज्याचं काम चालू राहायला हवं, तेवढंच डायरेक्टवर: ट्रॅकर, टेपची मेमरी, हॅझर्ड लाईट. बाकी सगळं चाबीवर.

हिशोब करून बघू. ५५ वॅटचे दोन लॅम्प म्हणजे ११० भागिले १२, साधारण ९.२ अँपिअर. नाल्याला पूर आला, इंजिन बंद करून गाडी उभी ठेवली आणि लॅम्प चालूच राहिले, तर ६ तासांत ५५ अँपिअर-अवर गेले. ६५ ची बॅटरी असेल तर उरलं काय? स्टार्टरला तर शंभराच्या वर अँपिअर लागतात. भरलेली पिकअप चिखलात धक्का मारून चालू होत नाही, आणि भामरागडच्या रस्त्यावर रात्री मेकॅनिक कुठला? उलट ५० मिलीअँपिअरचा ट्रॅकर १० दिवसांत फक्त १२ अँपिअर-अवर खातो. म्हणून तो डायरेक्टवर चालतो.

पण एवढा करंट चाबीच्या स्विचमधून नेला तर त्याचे काँटॅक्ट जळतात. इथे रिले कामाला येतो. जोडणी अशी:

१. आधी बॅटरीची मायनस वायर काढा.
२. बॅटरी प्लस, लगेच १५ अँपिअरचा निळा फ्यूज, मग रिलेचा ३०.
३. रिलेचा ८७ लॅम्पला. लॅम्पची दुसरी वायर बॉडी अर्थला, रंग खरवडून.
४. फ्यूज बॉक्समधली फ्यूजनंतरची चाबीची लाईन डॅशबोर्डच्या स्विचमधून ८६ ला. ८५ अर्थला.

रिलेची कॉइल पाव अँपिअरही घेत नाही, त्यामुळे चाबीवर भार नाही.

फ्यूज बॅटरीजवळच का? कारण तो वायरला वाचवतो. जंगलातल्या खडबडीत रस्त्यावर वायर पत्र्याला घासते, इन्सुलेशन सोलतं आणि शॉर्ट होतो. फ्यूज लॅम्पजवळ असेल तर त्याच्या अलीकडची सगळी वायर उघडीच राहिली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, बॉनेटखाली त्याहून जास्त. म्हणून वायर २.५ स्क्वेअर एमएमची घ्या आणि पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट बसवा. फ्यूज उडाला म्हणून त्याजागी तार किंवा ३० चा फ्यूज अजिबात लावू नका, आधी शॉर्ट शोधा.

सुट्टीत गावी गेलात की घरच्या गाडीचं बॉनेट उघडा आणि लॅम्पची वायर बॅटरीपर्यंत बोटाने तपासत जा. वाटेत फ्यूज नसेल, तर तो त्याच दिवशी बसवा.