नजरेआडचं इंजिन

कोरबा–बिलासपूर–गोंदिया–नागपूर हा कोळशाचा रस्ता. कोरब्याच्या खाणींतून भरलेले रेक तिरोडा, मौद्यासारख्या वीजकेंद्रांकडे येतात आणि रिकामे होऊन परत जातात. एका रेकला ५८-५९ डबे, लांबी इंजिनासकट साधारण साडेसहाशे मीटर. प्रवासी गाड्यांच्या गर्दीतून असा एकेक रेक काढण्यापेक्षा दोन, तीन किंवा चार रेक एकमेकांना जोडून एकच गाडी केली, तर वेळापत्रकातल्या तेवढ्या जागा मोकळ्या होतात. पूर्वी अशा गाडीच्या मधल्या इंजिनातही लोको पायलट आणि सहायक असायचे, आणि पुढचा नि मागचा वॉकी-टॉकीवर बोलून गाडी सांभाळायचे. मग डीपीडब्ल्यूसीएस आली, म्हणजे डिस्ट्रिब्यूटेड पॉवर वायरलेस कंट्रोल सिस्टीम. आता मधल्या इंजिनात कोणी नसतं. पुढच्या कॅबमधून दिलेली आज्ञा रेडिओवरून त्याला पोहोचते आणि ते ओढतं, थांबतं, पेंटो (वरच्या तारेतून वीज घेणारा पँटोग्राफ) उचलतं, डीजे (मुख्य सर्किट ब्रेकर) उघडतं.

मालगाडीवर उमेदीची सगळी वर्षं गेल्यानंतर या यंत्रणेबद्दल मला जे सांगावंसं वाटतं, ते नव्या पिढीच्या लोको पायलटांसाठी आणि ज्यांना आपल्या घरातल्या विजेमागचा हा प्रवास जाणून घ्यायचा आहे त्यांच्यासाठी लिहितो आहे.

१. ही यंत्रणा ताकदीसाठी कमी, ब्रेकसाठी जास्त आहे

लोकांना वाटतं, गाडी लांब म्हणून मध्ये जास्तीचं इंजिन. ताकदच हवी असती तर सगळी इंजिनं पुढे लावता आली असती. पण तसं केलं की गाडीचा सगळा ताण पहिल्या डब्याच्या सीबीसी कपलरवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या सांध्यावर येतो, आणि कपलरला मर्यादा आहे. चढावर तो तुटला की गाडीची पार्टिंग, म्हणजे दोन तुकडे. इंजिनं वाटून लावली की ताणही वाटला जातो.

त्याहून मोठा प्रश्न हवेचा. इंजिनापासून शेवटच्या ब्रेकव्हॅनपर्यंत जाणाऱ्या ब्रेक पाइपात ५ किलोचा दाब असतो. ए-९ या ब्रेकच्या हँडलने तो पाडला की प्रत्येक डब्याचा डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह आपापला ब्रेक लावतो. दाब पडल्याची ही वर्दी पाइपातून पळते, पण आवाजाच्या वेगापेक्षा जास्त पळू शकत नाही. प्रत्यक्षात त्याहून कमीच. एका रेकला दोन-तीन सेकंद लागतात. चार रेकांच्या गाडीत शेवटच्या डब्याला कळायला दहा सेकंदांच्या वर जातात. तेवढ्या वेळात पुढचे डबे आवळलेले आणि मागचे मोकळे. मागचं हजारो टन वजन पुढच्यावर येऊन चेपतं. रेडिओची आज्ञा क्षणात पोहोचते, त्यामुळे प्रत्येक इंजिन आपल्या जागी एकाच वेळी दाब पाडतं. ब्रेक सोडतानाही तेच. हवा एका टोकाकडून भरत बसत नाही, तीन-चार ठिकाणांहून भरते. माझ्या मते या यंत्रणेचं खरं देणं हेच आहे.

२. पडद्यावरचा आकडा खरा असला तरी पुरेसा नाही

पुढच्या कॅबमधल्या पडद्यावर मागच्या इंजिनाची खबर दिसते: तिथला बीपी (ब्रेक पाइपातला दाब), ट्रॅक्शन (ओढ), पेंटो, डीजे, काही दोष असेल तर तो. सगळं हिरवं दिसलं की मन निश्चिंत होतं. इथेच सावध राहायला हवं.

दोन रेक जोडताना कपलर जुळले, होज पाइप जुळले, पण एका बाजूचा अँगल कॉक, म्हणजे ब्रेक पाइपाच्या टोकाची तोटी, बंद राहिला असं समजा. साध्या गाडीत हे ताबडतोब उघडं पडतं, कारण मागच्या डब्यांना हवाच मिळत नाही. वायरलेसच्या गाडीत तसं होत नाही. मधलं इंजिन आपल्या मागच्या डब्यांना स्वतःच हवा भरतं. पुढे पाच, मध्ये पाच, शेवटी पाच. ए-९ खेचा, रेडिओवरून आज्ञा जाते, मागचं इंजिनही दाब पाडतं, सगळं ठीक दिसतं. प्रत्यक्षात हवेचा मार्ग मध्येच बंद आहे आणि गाडी केवळ रेडिओच्या भरवशावर उभी आहे. पुढे कुठे रेडिओ गेला, तर त्या कॉकच्या मागच्या सगळ्या डब्यांपर्यंत तुमचा ब्रेक पोहोचणार नाही.

म्हणून निघण्यापूर्वी मधल्या इंजिनाचं हवा भरणं बंद ठेवून, केवळ पुढच्या इंजिनातून दाब पाडायचा आणि ट्रेन मॅनेजरला शेवटच्या ब्रेकव्हॅनमधल्या गेजवर तो पडलेला दिसतो का, हे विचारायचं. मग पुन्हा चढलेला दिसतो का, तेही. एका यार्डात अशाच तपासणीत आमच्या ट्रेन मॅनेजरने सांगितलं की त्याच्याकडे काटा हललाच नाही. सहायक जोडणीच्या जागी चालत गेला. कॉक बंदच होता. पडद्यावर तोवर एकही दोष नव्हता. त्या ट्रेन मॅनेजरचा तो शांत आवाज माझ्या कानात अजून आहे. शेवटच्या डब्यात बसलेल्या माणसाच्या गेजइतकी किंमत मी दुसऱ्या कुठल्याही आकड्याला देत नाही.

३. तोंड कुठे आहे ते डोळ्यांनी बघा

डब्ल्यूएजी-९ ला दोन्ही टोकांना कॅब असते. मधलं इंजिन कुठल्या कॅबने पुढे तोंड करून उभं आहे, त्यावर त्याचं ‘पुढे’ ठरतं. जोडणी करताना ही दिशा आणि इंजिनांचे क्रमांक दोन्हीकडे नीट भरावे लागतात. कागदावर विसंबू नका. सहायकाला मधल्या इंजिनापर्यंत पाठवा, त्याने क्रमांक आणि कॅब स्वतः वाचून वॉकी-टॉकीवर सांगू द्या. सहा हजारांहून जास्त अश्वशक्तीचं यंत्र आहे ते. चुकीच्या दिशेला एक क्षणही ओढता कामा नये.

४. गाडी एक असते, जमीन एक नसते

सालेकसा, दरेकसा, बोरतलाव हा जंगलाचा पट्टा ज्याने चालवला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. चढ, वळणं, दोन्ही बाजूंना डोंगर आणि दरेकसाचा बोगदा. इथे दीड-दोन किलोमीटरची गाडी एकाच उतारावर किंवा एकाच चढावर कधी नसतेच. माझी कॅब माथा ओलांडून उताराला लागलेली असते आणि निम्मी गाडी अजून चढत असते.

साध्या गाडीत माथ्यावर आपण थ्रॉटल कमी करतो. इथे सगळ्या इंजिनांचा थ्रॉटल एकदम कमी केला तर मागचा भाग चढावर लोंबकळतो, पुढचा भाग उताराकडे पळतो, आणि मधल्या कपलरवर नको तेवढा ताण येतो. कमी केलाच नाही तर पुढचं इंजिन उतारावरही ओढत राहतं. म्हणून यंत्रणेत दोन पद्धती आहेत: सगळी इंजिनं एकसारखी चालवायची, किंवा पुढचं आणि मागचं स्वतंत्र चालवायचं. माथ्यावर पुढच्याचा जोर उतरवायचा आणि मागच्याला आपला भाग वर आणू द्यायचा. माथा संपला की पुन्हा दोन्ही एकसारखी.

हे पुस्तकात चार ओळींत येतं. हाताला येण्यासाठी मात्र सेक्शन तोंडपाठ असावा लागतो, आणि नेहमीपेक्षा वेगळ्या रीतीने. ‘मी कुठे आहे’ एवढं पुरत नाही. माझ्या मागे सातशे मीटरवर काय आहे आणि चौदाशे मीटरवर काय आहे, हे सतत मनात चालू ठेवावं लागतं. त्यासाठी मी ओएचईच्या, म्हणजे रुळांवरच्या विजेच्या तारांच्या, खांबांचा आधार घेत आलो. प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि क्रमांक असतो. दोन खांबांतलं अंतर सरळ मार्गावर जास्त, वळणावर कमी. मधलं इंजिन किती खांब मागे आहे हे निघतानाच ठरवून ठेवलं की पुढे सारखा हिशेब करावा लागत नाही.

५. न्यूट्रल सेक्शन एकदा नाही, प्रत्येक इंजिनाला ओलांडावा लागतो

विजेच्या दोन पुरवठ्यांच्या मधला हा मोकळा तुकडा. ५०० मीटर आणि २५० मीटर आधी फलक येतात, मग ट्रॅक्शन उतरवून डीजे उघडायचा, तुकडा पार झाला की बंद करायचा. एकट्या इंजिनाला ही रोजची सवय असते, हात आपोआप जातो.

मधल्या इंजिनाला मात्र फलक वाचणारं कोणी नाही. माझं इंजिन पार होऊन मी पुन्हा जोर लावलेला असतो, आणि तेव्हा ते फलकाजवळ येत असतं. ते लोड घेऊन डीजे बंद ठेवूनच खाली शिरलं तर ठिणगीने वायर जळते, ओएचई तुटून खाली येते आणि सेक्शन तासन् तास अडकतो. त्याचं ट्रॅक्शन झटक्यात उतरवणंही बरं नाही. त्याने गाडीच्या मध्यभागी जर्क बसतो. हळूहळू उतरवून मग डीजे. या वेळी कॅबमध्ये दुसरं काही बोलू नये. कंट्रोलची विचारणा आली तरी ‘न्यूट्रलमध्ये आहे, नंतर बोलतो’ एवढंच सांगावं.

६. संपर्क तुटणार, हे गृहीत धरा

बोगदा, खोल कटिंग, डोंगराला वळसा घालणारं वळण. अशा जागी रेडिओ क्षीण होतो, कधी तुटतो. यंत्रणा बनवणाऱ्यांनी याचा विचार केलेला आहे. संपर्क नाही म्हणून मागचं इंजिन शेवटच्या आज्ञेवर कायमचं ओढत राहत नाही. आणि त्या काळात तुम्ही पुढून ब्रेक लावलात, तर पाइपातला दाब पडल्याचं ते स्वतः ओळखतं, ट्रॅक्शन सोडतं आणि पाइपात हवा भरणं थांबवतं. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. तुम्ही पुढे हवा सोडत आहात आणि ते मध्ये भरत आहे असं झालं, तर मागच्या डब्यांचे ब्रेक लागणारच नाहीत.

म्हणजे रेडिओ गेला की शेवटचा निरोप हवाच पोहोचवते. आता दुसऱ्या मुद्द्यातला अँगल कॉक पुन्हा आठवा. संपर्क गेला तर घाबरायचं कारण नाही, पण वाट बघत ओढत राहायचं कारणही नाही. पुढे उतार असेल तर पडद्यावर संपर्क परत येण्याची आशा न धरता लवकर आणि हलका ब्रेक लावून गाडी ताब्यात घ्यावी.

७. कुठे थांबायचं हे थांबण्याआधी ठरवा

आपल्याकडची नेहमीची लूप लाइन ६८६ मीटरची. तिच्यात एक रेक मावतो. दोन रेकांची गाडी मेन लाइनवरच उभी राहणार. पुढचं इंजिन सिग्नलशी बरोबर उभं राहिलं, पण मधलं न्यूट्रल सेक्शनखाली सापडलं तर? किंवा गाडीचं पोट लेव्हल क्रॉसिंगवर आलं तर? गेटवर धानाची गाडी असते, शाळेची मुलं असतात, कधी बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी जीप असते. त्यांना आपली गाडी किती रेकांची आहे याच्याशी देणंघेणं नाही. पुढचा सिग्नल लाल दिसला की किमान हे दोन प्रश्न मनात यायलाच हवेत. आणि अलीकडे थांबून गेट मोकळं राहत असेल तर अलीकडेच थांबावं.

८. सहायकाचे पाय

मागच्या इंजिनात दोष आला आणि पुढून तो निघाला नाही, की कोणाला तरी तिथवर जावं लागतं. तो सहायक लोको पायलट असतो. खडीवरून, पावसात, रात्री, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्यात वॉकी-टॉकी. दोन रेकांच्या गाडीत साडेसहाशे मीटर जाणं आणि तेवढंच येणं. चार रेकांच्या गाडीत शेवटच्या इंजिनासाठी त्याच्या तिप्पट. दरेकसाच्या जंगलात ही चाल काय असते ते चाललेल्यालाच ठाऊक. अशा वेळी लोको पायलटने वॉकी-टॉकीवर त्याच्याशी बोलत राहावं, आणि तो डब्यांजवळ असेपर्यंत गाडी जराही हलणार नाही याची खात्री स्वतः घ्यावी.

९. विक्रमांबद्दल

२ जुलै २०२० ला नागपूर विभागातून कोरब्याकडे चार रिकामे रेक आणि नऊ इंजिनांची २.८ किलोमीटर लांब ‘शेषनाग’ गेली. १५ ऑगस्ट २०२२ ला २९५ डब्यांची ‘सुपर वासुकी’ सुमारे २७,००० टन कोळसा घेऊन कोरब्याहून राजनांदगावला आली. ऑस्ट्रेलियात तर २१ जून २००१ ला बीएचपी कंपनीने ६८२ डबे, आठ इंजिनं आणि ७.३५३ किलोमीटर लांबीची लोहखनिजाची गाडी रेडिओच्या याच तत्त्वावर एका चालकाकडून पोर्ट हेडलंडपर्यंत चालवली.

या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण ऑस्ट्रेलियातला तो मार्ग ओसाड प्रदेशातला, खनिजाच्या गाड्यांसाठीच बांधलेला. आपल्याकडे त्याच रुळांवर मागून एक्स्प्रेस येत असते, पुढे पॅसेंजर असते आणि दर काही किलोमीटरवर गेट. तिथला आकडा इथे लावून बघणं योग्य नाही. आपल्यासाठी रोज, न चुकता, वेळेवर धावणारी दोन रेकांची गाडी वर्षातून एकदा धावणाऱ्या पाच रेकांच्या गाडीपेक्षा मोलाची आहे.

कंट्रोल आणि यार्डातल्या सहकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. लांब गाडी जोडून झाली की लगेच ‘किती वेळ लागणार’ असा फोन करू नका. दुसऱ्या मुद्द्यातल्या ब्रेक पाइपाच्या कंटिन्युइटीच्या (सलगपणाच्या) तपासणीला लागणारी मिनिटं वेळापत्रकातच धरा. चढाच्या पायथ्याशी अशा गाडीला लाल सिग्नल दाखवायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका. आणि मधल्या इंजिनातली माणसं कमी झाली म्हणून पुढच्या कॅबमधला दुसरा माणूस कमी करण्याचा विचार कधीही करू नका.