अर्धा ढग

गेली बावीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवते. डिसेंबर उजाडला की सहलीची गाडी ठरवायचं काम आपसूक माझ्याकडं येतं. आमची नेहमीची दोन ठिकाणं म्हणजे कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरचं सिद्धगिरी म्युझियम आणि शिरोळ तालुक्यातलं खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर. या सहलींनी मला जे शिकवलं ते नव्या शिक्षकांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

१. एका दिवसात एकच ठिकाण.
सुरुवातीची काही वर्षं आम्ही पहाटे निघून अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, कणेरी असं सगळं एका दमात उरकायचो. परतीच्या वाटेवर विचारलं की मुलं काय खाल्लं तेवढंच सांगायची. शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते. यंदा कणेरी, पुढच्या वर्षी खिद्रापूर असं केलं, तर पालकांच्या खिशालाही झेपतं.

२. उतरल्या उतरल्या मुलींना स्वच्छतागृह दाखवा.
नाहीतर सकाळपासून त्या पाणीच पीत नाहीत. दुपारी डोकं धरून बसलेल्या मुलीला काय दाखवणार?

३. एक आजी सोबत न्या.
कणेरीला गावगाड्यातली माणसं पुतळ्यांच्या रूपात उभी आहेत. कुंभार चाकावर, लोहार भात्याजवळ, न्हावी हजामत करताना. पुतळे सिमेंटचे आहेत, पण इतके जिवंत की मुलं आधी दबकतात. मी पूर्वी माहितीचा कागद वाचून दाखवायची. एका वर्षी एका मुलीची आजी आमच्याबरोबर आली. दळणाऱ्या बाईपाशी ती थांबली, खाली वाकली आणि मुलांना म्हणाली, ‘‘जात्याला वैरण घालायची, मूठमूठभर. जास्त घातली की पीठ जाडं पडतंय.’’ मुलं हसायला लागली, वैरण तर म्हशीला घालतात! मग आजीनं हवेतच खुंटा धरून दोन वेढे फिरवले. खांदा कसा पुढं जातो, बसताना एक पाय कसा लांब सोडायचा, हे मला कधीच दाखवता आलं नसतं. तेव्हापासून आजीचं तिकीट मी आधी काढते.

४. बलुतेदारी दाखवताना जात लपवू नका.
हे मला फार उशिरा कळलं, आणि एका मुलाच्या डोळ्यांतल्या पाण्यामुळं कळलं. चामड्याचं काम करणाऱ्या पुतळ्यासमोर आमच्याच वर्गातला एकजण दुसऱ्याला म्हणाला, ‘‘बघ, तुझा आज्जा बसलाय.’’ चार पोरं हसली. तो पोरगा परतीच्या गाडीत खिडकीकडं तोंड करून बसला आणि डबाही उघडला नाही. चूक माझी होती. ‘पूर्वी गाव कसं गुण्यागोविंदानं राहायचं’ असं मीच पुतळ्यापुतळ्यापाशी सांगत आले होते. वर्षभर राबायचं, सुगीला खळ्यावर मिळेल तेवढं धान्य पदरात घ्यायचं आणि बापाचा धंदा मुलानं सोडायचा नाही, ही त्याच गावाची दुसरी बाजू. ती मी सांगितलीच नव्हती.

आता सहलीच्या आदल्या दिवशी एक पूर्ण तास त्यासाठी ठेवते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात बलुतेदारीची पद्धत बंद केली, महार वतनं रद्द केली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडलं. हे आधी कानावर पडलं की तेच पुतळे मुलं वेगळ्या नजरेनं बघतात. मागच्या खेपेला एका मुलीनं विचारलं, ‘‘बाई, मग सुताराच्या पोराला शाळेत जायचं असलं तर?’’ दिवसभरातला सगळ्यात चांगला प्रश्न होता तो. कारागिराच्या हाताला मान द्या, पण त्या हाताला पर्याय नव्हता हेही सांगा.

५. देवळात पाया पडायची सक्ती नको.
वर्गात सगळ्या घरांतली मुलं असतात. ज्याला हात जोडायचेत त्यानं जोडावेत. बाकीच्यांनी दगड बघावा, तोही तितक्याच आदरानं.

६. खिद्रापूरला पोचल्यावर आधी गप्प बसा.
मी पूर्वी दारातच सुरू व्हायची. शिलाहारांच्या काळातलं मंदिर, दक्षिण दाराजवळ यादव राजा सिंघणाचा शिलालेख, शिवाचं देऊळ असून समोर नंदी नाही, वगैरे. हे सगळं नंतर सांगता येतं. आता मुलांना आधी बाहेरच्या भिंतीखालचे हत्ती मोजायला लावते. दरवेळी आकडे जुळत नाहीत, भांडणं होतात, पुन्हा मोजणी होते. त्या नादात कुठल्या हत्तीचा दागिना वेगळा आणि कुणाची सोंड फुटलेली, हे त्यांना पाठ होतं.

मग स्वर्गमंडप. काळ्या दगडाचे खांब, त्यांच्या अंगावर सुतारानं लाकूड कातावं तशा गोल कडा. आणि वर मधोमध छतच नाही, गोल मोकळं आकाश! त्याच्या बरोबर खाली गोल शिळा आहे. तिच्या कडेनं मुलांना पाठीवर झोपवते, दहा-दहाच्या गटानं. दगड थंडगार लागतो. पहिलं मिनिट खुसखुस चालते, मग आपोआप शांत होतात.

७. ‘आमची सहल’ हा निबंध लिहायला देऊ नका.
सगळ्या वह्यांत ‘आम्ही पहाटे लवकर उठलो’ हेच वाक्य येतं. मी एक कोरा कागद देते आणि एकच गोष्ट काढायला सांगते. यंदा कुणी हत्ती काढला, कुणी खांब. चौथीतल्या एका अबोल मुलीनं फक्त मोठं वर्तुळ काढलं होतं, आणि त्याच्या कडेला अर्धाच ढग.

‘‘उरलेला अर्धा कुठंय गं?’’ मी विचारलं.

‘‘तो अजून आत यायचा होता, बाई,’’ ती म्हणाली. ‘‘तेवढ्यात तुम्ही शिट्टी वाजवली.’’