रोबोट, जरा मान वळव!

मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण ही गोष्ट घडली आपल्याच हॉस्टेलमध्ये आणि रूममेट्सना सांगितली तीही मराठीत, म्हणून मराठीतच लिहिते.

डेमोच्या आदल्या रात्री आमच्या मिनी-प्रोजेक्टचा रोबोट कॉरिडॉरमधल्या पत्र्याच्या पेटीवर जाऊन आदळला. सेन्सर बंद होता का? नाही, व्यवस्थित चालू होता! अल्ट्रासॉनिक सेन्सर साधारण ४० किलोहर्ट्झचा ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. पेटी तिरकी होती. गुळगुळीत पत्र्यावरून ध्वनी भलतीकडेच परावर्तित झाला. प्रतिध्वनी आला नाही, म्हणून आमच्या प्रोग्रामने ठरवलं, रस्ता मोकळा!

'दिसलं नाही' आणि 'तिथे काही नाही' यात फरक आहे. आमच्या ॲरेमध्ये तो नव्हता. ० म्हणजे मोकळं, १ म्हणजे अडथळा, बस्स.

रात्री लाइट गेली की आपण डोळे ताणत उभे राहतो का? हात पुढे करून चाचपडतो. म्हणजे माहिती मिळावी म्हणून मुद्दाम हालचाल करतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या रुझेना बायची यांनी १९८८ मध्ये हाच विचार 'ॲक्टिव्ह पर्सेप्शन' या नावाने मांडला. समोर येईल तेवढंच न घेता कुठे आणि कसं बघायचं, हे रोबोटने स्वतः ठरवायचं.

पण ठरवणार कसं? नकाशाचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोन मोकळा, व्यापलेला किंवा अज्ञात. १९९७ मध्ये ब्रायन यामाउची यांनी सोपी युक्ती दिली. मोकळा भाग संपून अज्ञात जिथे सुरू होतो, त्या सीमेवर जा. तिथून नवा भाग दिसतो आणि सीमा पुढे सरकते. पोचता येईल अशी सीमाच उरली नाही, की पाहणी संपली.

आम्ही रात्रभर जागून सेन्सर सर्व्हो मोटरवर चढवला आणि ॲरेमध्ये २ म्हणजे 'अज्ञात' घातलं. आता मान वळवताना सेन्सर कधीतरी पत्र्याच्या काटकोनात येतो आणि प्रतिध्वनी परत मिळतो. अर्थात बघण्यातही वेळ आणि बॅटरी जाते, म्हणून शंका असेल तिथेच थांबायचं.

डेमोला रोबोट तिरक्या पेटीपुढे थांबला, डावीकडे-उजवीकडे बघितलं आणि वळसा घालून गेला.

सर म्हणाले, "फार हळू चालतो गं हा."

मी म्हटलं, "सर, माहीत नसेल तिथे तो आता विचारून घेतो."