चिखल न धरणारा बुटाचा तळ

मृगाचे पहिले दोन पाऊस झाल्यावर काळ्या रानांत पायांत बूट घालून दहा पावलें चालून पाहावें. अकराव्या पावलास आपण बूट उचलीत नसून शेतच उचलीत आहों, असें वाटूं लागतें. मग मनुष्य काय करतो? बूट काढून बांधावर ठेवतो व अनवाणी पुढें जातो. ह्यांत आळस नाहीं कीं अडाणीपणा नाहीं. दिवसभर निंदणी किंवा फवारणी करावयाची असतां पायांस बांधलेलें ओझें कोणीहि टाकूनच देईल. परंतु ह्या हिशेबांत एक रक्कम लिहावयाची राहून जाते.

प्रस्तुत लेखकाची बरीच वर्षें महसूल खात्याच्या कारकुनींत गेलीं. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूबद्दल त्याच्या कुटुंबास जें साह्य मिळतें, त्याचीं प्रकरणें टेबलावरून जात, आणि पावसाळा लागला कीं त्यांत सर्पदंशाचीं हटकून असत. एका पंचनाम्यांत पंचांनीं लिहविलेली एक ओळ अद्याप स्मरणांत आहे. मयताचे गमबूट बांधावर उभे होते व त्यांच्या तळांस चिखलाचा जाड थर बसलेला होता. म्हणजे बूट घरांत नव्हते असें नव्हे. ते विकत घेतलेले होते, शेतापर्यंत आणलेलेहि होते. सन २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख, म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार माणसें दगावलीं, असा संशोधकांचा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. दंश बहुतेक वेळां पावलावर किंवा गुडघ्याच्या खालीं होतो. भातखाचरांत पायाच्या चिरांतून शिरणारा लेप्टोस्पायरोसिसचा रोग वेगळाच. तेव्हां बुटाचा तळ कसा असावा हा प्रश्न कोणास क्षुल्लक वाटत असल्यास त्यानें हें ध्यानांत घ्यावें, कीं जो बूट शेतांत पायांत राहत नाहीं, तो कितीहि उंच व जाड असला तरी व्यर्थ होय.

प्रथम चिखल बुटास चिकटतो कां, तें पाहूं. काळ्या जमिनींतील चिकणमातीचे कण मिलिमीटरच्या पांचशेंव्या हिश्शाहूनहि बारीक असतात, आणि ते वाळूच्या कणांसारखे गोलसर नसून पापुद्र्यांसारखे चपटे असतात. त्यांत मॉन्टमोरिलोनाइट नांवाचें एक खनिज असतें, तें आपल्या पापुद्र्यांमध्यें पाणी ओढून घेऊन फुगतें. उन्हाळ्यांत ह्या जमिनीस ज्या भेगा पडतात, त्या हें पाणी निघून गेल्यामुळें. माती कोरडी असेल तर ती चिकटत नाहीं. पाणी फार होऊन राड झाली, तर तीहि धरून ठेवीत नाहीं, घसरते. त्रास आहे तो मधल्या अवस्थेचा. पाऊस उघडला आहे पण वाफसा अजून आलेला नाहीं, अशा वेळीं तळ व माती ह्यांच्यामध्यें पाण्याचा अतिशय पातळ थर राहतो. आणि दोन ओल्या कांचा एकमेकींवर ठेवल्या असतां जशा सहज सुटत नाहींत, तसा तो थर दोहोंस धरून ठेवतो. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅटरबर्ग ह्यांनीं १९११ च्या सुमारास मातीच्या ह्या निरनिराळ्या अवस्थांच्या मर्यादा ठरवून दिल्या. आपला शेतकरी मुठींत माती दाबून वाफसा पाहतो, तें त्याच जातीचें मोजमाप आहे.

आतां पाय उचलतांना कोठें तरी तुटलेंच पाहिजे. एक तर माती तळापासून सुटेल, नाहीं तर माती मातीपासून तुटेल. ह्यांपैकीं जें दुबळें तेंच तुटणार. चिकट अवस्थेंत तळाशीं बसलेली पकड मातीच्या अंगच्या पकडीहून बळकट ठरते, म्हणून जमिनीचाच एक तुकडा सुटून बुटाबरोबर वर येतो. पुढच्या पावलास मातीची गांठ मातीशीं पडते, आणि थरावर थर चढत जातो. ह्यावरून दिसेल कीं, तळाचें सारें काम पहिल्या थरापुरतें आहे. तो बसूंच दिला नाहीं, किंवा बसल्याबरोबर झडून गेला, तर पुढचे थर येत नाहींत.

वीटभट्टीवर थापणारा मनुष्य ही गोष्ट आपणां सर्वांहून चांगली जाणतो. विटेसाठीं माती भरण्यापूर्वीं तो साचा पाण्यांत बुडवितो किंवा त्याच्या आंत वाळू भुरभुरवितो; न भुरभुरविल्यास वीट साच्यांतून सुटणार नाहीं. आपल्या बुटाच्या तळावर ज्या अरुंद, खोल व उभ्या कडांच्या खांचा असतात, ते असे लहान लहान साचेच होत. त्यांत आपण सगळ्या अंगाच्या भारानें वीट थापतों, दाबानें तींतलें पाणी पिळून काढून ती आणखी घट्ट करतों, आणि साचा मात्र ओला करीत नाहीं कीं वाळूहि टाकीत नाहीं. मग वीट सुटली नाहीं म्हणून काळ्या मातीस बोल लावावयाचा!

ह्या प्रश्नावर पैसा ओतून विचार केला तो मात्र शेतकऱ्यांसाठीं नव्हे, तर फुटबॉल खेळणारांसाठीं. ४ जुलै १९५४ रोजीं स्वित्झर्लंडांतील बर्न येथें जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना पावसांत झाला. पश्चिम जर्मनीच्या खेळाडूंच्या पायांत आडिडास कारखान्याचे संस्थापक आडि डास्लर ह्यांचे बूट होते, व त्यांच्या तळाचे खुंटे आटे फिरवून काढतां-घालतां येत. मैदान भिजलेलें पाहून लांब खुंटे बसविण्यांत आले, आणि हंगेरीचा बलाढ्य संघ ३-२ असा हरला. विजयाचें सर्व श्रेय खुंट्यांस देणें म्हणजे जाहिरातीस भुलणें होय. परंतु तेव्हांपासून ओल्या मैदानाचा बूट व कोरड्या मैदानाचा बूट हे दोन निराळे, ही समजूत रूढ झाली. कोरड्या मैदानाच्या बुटास दहा-बारा आंखूड खुंटे असतात. ओल्या मैदानाच्या बुटास बहुधा सहाच, पण लांब, टोंकाकडे निमुळते व एकमेकांपासून दूर. खुंट्यांमध्यें अंतर अधिक असल्यामुळें तेथें विटेचा साचाच तयार होत नाहीं.

पुढें २०१६ सालीं नाइके ह्या अमेरिकन कंपनीनें निराळाच उपाय बाजारांत आणला. तळाच्या पृष्ठावर पाणी शोषून धरणाऱ्या पॉलिमरचा थर दिला. तो भिजला म्हणजे त्याच्या अंगावर सदैव पाणी राहतें, आणि चिखलास धरावयास तळ सांपडतच नाहीं, पाणी सांपडतें. वीट थापणाऱ्याचा ओला साचा तो हाच. युक्ति सुंदर आहे, पण ती आपल्या कामाची नाहीं असें आमचें मत आहे. थर भिजलेला नसेल तर गुण येत नाहीं. आणि जो बूट हिरवळीवर नव्वद मिनिटें पळण्याकरितां केला, त्याची आमच्या मुरमाड पाणंदींत काय गत होईल हें सांगावयास नको. कांहीं खेळाडू तळास खाण्याचें तेल फांसतात, त्याचा उपयोग थोडा वेळ होतो. मात्र आपल्याकडे कोणी त्याऐवजीं ट्रॅक्टरचें जुनें ऑइल रबरी बुटास लावूं नये, खनिज तेलानें रबर फुगतें व मऊ पडतें.

तेव्हां आपणांस लेपापेक्षां तळाच्या घडणीवर भर द्यावा लागेल, आणि तिचा नमुना पाहण्यास दूर जावयास नको. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचा टायर पाहावा. त्याचे दाते तिरपे, उंच व चांगले विरळ असतात; दोन दात्यांमधील वाट मध्यापासून कांठापर्यंत मोकळी असते, कोठेंहि आडवी भिंत नाहीं. चाकावर भार पडला कीं चिखल त्या वाटेनें बाजूस ढकलला जातो. दात्यांच्या कडा उभ्या नसून पायथ्याशीं रुंद, उतरत्या असतात, म्हणून चिखल अडकून राहत नाहीं. आणि टायर फिरतांना दबतो व पुन्हां सुटतो, त्या लवचीकपणानें उरलासुरला चिखल फेंकला जातो. भातखाचरांसाठीं जे टायर करतात त्यांचे दाते ह्याहूनहि उंच असतात. बुटांतहि हेच गुण पाहावे. त्यांतील लवचीकपणाकडे लोक फार दुर्लक्ष करतात. अनवाणी पावलास बुटाइतका चिखल कां बसत नाहीं? कारण पाऊल प्रत्येक वेळीं वांकतें, बोटें फांकतात, आणि मातीचा थर तडकतो. जाड, ताठ तळ वांकतच नाहीं. त्यावर बसलेल्या विटेस हलविणारें कोणी नसतें.

येथें एक फसगत सांगितली पाहिजे. बाजारांत खोल व दाट दात्यांचा तळ दिसला कीं गिऱ्हाइकास तो चिखलासाठींच केला आहे असें वाटतें. ह्या घाटाचा प्रसिद्ध तळ इटलीचे व्हिताले ब्रामानी ह्यांनीं १९३७ सालीं बनविला. त्याच्या दोन वर्षें आधीं आल्प्स पर्वतांत त्यांचे सहा सोबती मृत्युमुखीं पडले होते, आणि गिर्यारोहकांच्या पायांत अपुरें पादत्राण असणें हें त्याचें एक कारण मानलें गेलें. तो तळ खडक व बर्फ धरण्यासाठीं होता. खडकावर जो दाटपणा गुणकारी, तोच काळ्या मातींत दोष ठरतो.

लेखकानें स्वतः एक जुना जोड घेऊन गांवच्या बूट दुरुस्त करणाऱ्याकडून त्याचे एकाआड एक दाते रापीनें काढून घेतले, व उरलेल्यांच्या कडा उतरत्या करविल्या. चिखल बसत नाहीं असें म्हणणें खोटें होईल. बसतो; पण पूर्वीं काठीनें खरवडल्यावांचून निघत नसे, तो आतां चालतां चालतां ढेपळीनें गळून पडतो. कापतांना तळाच्या मूळ जाडीस धक्का लागूं देऊं नये, नाहीं तर बाभळीचा कांटा आरपार येतो. गुडघाभर राडींत पाय रुतून बूट निघत नाहीं, तो प्रकार निराळा आहे. तेथें तळाखालीं हवा जात नसते, म्हणून पाय सरळ न ओढतां टांच आधीं हलवून हवेस वाट करून द्यावी.

नवा बूट घेतांना तळ हातांनीं वांकवून पाहावा, पंज्याजवळ तो सहज वांकला पाहिजे. दोन दात्यांमध्यें निदान अंगठा आडवा बसावा, व वाट कांठापर्यंत उघडी असावी. दुकानदार हरकत घेणार नसेल तर मळलेल्या कणकेसारखी मऊ माती खांचेंत दाबून तळ दोनदां वांकवावा. गोळा सुटून पडला तर तो बूट घ्यावा. असा विरळ दात्यांचा बूट ओल्या फरशीवर मात्र घसरतो, कारण टेंकणारा भाग कमी असतो. म्हणून घरीं आल्यावर तो ओसरीच्या खालींच काढून ठेवावा.