अंड्यातील शिदोरी

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली, की घरातील मुले दिवस मोजू लागतात. एकविसाव्या दिवसाच्या सुमारास कवच फुटून पिल्लू बाहेर येते. परंतु कधी कधी कोंबडी धट्टीकट्टी, अंडी टपोरी, आणि तरीही पिल्ले मात्र निघत नाहीत. असे का व्हावे, याचा आपण विचार करू.

आठव्या दिवशी अंडे अंधारात दिव्यासमोर धरून पाहावे. रक्तवाहिन्यांचे जाळे मुळीच दिसले नाही, तर ते अंडे बहुधा अफल असते. जाळे दिसले आणि पुढे वाढ खुंटली, तर अनेक कारणे संभवतात. त्यांपैकी सहज नजरेतून सुटणारे कारण म्हणजे आईचा आहार.

वासराला गर्भात असताना गाईच्या रक्तातून रोज पोषण मिळते. पिल्लाचे तसे नाही. कवचात बांधून दिलेल्या शिदोरीवरच त्याला सारे दिवस काढावे लागतात. आईने जे खाल्ले नाही, ते शिदोरीत कोठून येणार?

'ब२' जीवनसत्त्वाचेच उदाहरण घेऊ. अंड्याच्या पांढऱ्या भागातील फिकट हिरवट छटा त्याचीच असते. ते शरीरात फारसे साठत नाही, म्हणून रोज मिळावे लागते. खाद्यात ते कमी पडले, तर सुमारे दोन आठवड्यांतच अंडी कमी उबू लागतात. भ्रूण मध्येच मरतात आणि जगलेल्या पिल्लांची बोटे आत वळतात. अमेरिकेतील राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली दिलेल्या प्रमाणानुसार, पांढरी अंडी देणाऱ्या कोंबडीला खाण्याच्या अंड्यांसाठी रोज ०.२५ मिलिग्रॅम 'ब२' पुरते. पिल्लांसाठी अंडी हवी असतील, तर ०.३६ मिलिग्रॅम लागते.

पोट भरणे म्हणजे पोषण होणे नव्हे, हा धडा जुनाच आहे. गेल्या शतकाच्या आधीच, १८९० नंतरच्या दशकात, जावा बेटावर आइकमन या डच वैद्याला सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडलेले दिसले. कोंडा मिळताच त्या सुधारल्या. या शोधाबद्दल त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणून उबवणीची अंडी जमविण्यापूर्वी निदान दोन आठवडे कोंबड्यांना धान्याबरोबर लसूणघास, कोवळा पाला आणि ताक द्यावे. जीवनसत्त्वांची तयार भुकटी उजेडापासून दूर ठेवावी व मोजूनच घालावी. 'अ' आणि 'ड' यांचा अतिरेक अपायकारक ठरतो. अंडे एकदा घातले गेले, की त्या शिदोरीत भर घालणे आपल्या हाती राहत नाही.