जुन्या ट्रकच्या इंधन-नळ्या

ट्रक घाटांत चढावर बंद पडला म्हणजे ड्रायव्हर व क्लीनर दोघेही प्रथम इंजिनाकडे संशयानें पाहतात. परंतु गाडी जुनी असेल, तर दोष पुष्कळदां इंजिनाचा नसून त्यास इंधन पोंचविणाऱ्या नळ्यांचा असतो. ज्यांच्या घरीं ट्रकचा धंदा आहे त्यांस हें अनुभवानें ठाऊक असेलच. इतरांसाठीं ह्या नळ्या कशा बदलाव्या हें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरणादाखल टाटांचा जुना डिझेल ट्रक घेऊं. हे ट्रक १९५४ सालीं जर्मनीच्या डेम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें जमशेदपूर येथें बनूं लागले, व तें सहकार्य १९६९ पर्यंत टिकलें.

टाकींतलें डिझेल फीड पंप ओढून घेतो, फिल्टरमधून तें इंजेक्शन पंपाकडे ढकलतो, आणि तेथून जाड भिंतीच्या बारीक पोलादी नळ्यांनीं तें प्रत्येक सिलिंडरच्या नोझलपर्यंत जातें. येथें एक भेद नीट ध्यानांत ठेवावा. फीड पंपाच्या पुढील नळीस भोंक पडलें, तर डिझेल गळतें व दोष डोळ्यांस दिसतो. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळींत मात्र इंजिन चालूं असतां ओढ असते. तेथें सूक्ष्म चीर गेली, तर थेंबही बाहेर न पडतां उलट हवा आंत शिरते. द्रवपदार्थ दाबानें जवळजवळ आकुंचन पावत नाहीं, हवा पावते, हें पदार्थविज्ञानाच्या तासास आपण शिकलोंच आहों. पंपाचा दट्ट्या ह्या हवेलाच दाबीत बसतो, नोझल उघडत नाहीं, आणि इंजिन आचके देऊन थांबतें. मिस्त्रीलोक ह्यालाच ‘गाडीनें एअर घेतली’ असें म्हणतात. म्हणून कोरडी नळी ती चांगली नळी, असें समजूं नये.

नवी नळी पोलादाची व जुनीच्याच व्यासाची घ्यावी. जस्ताचा मुलामा दिलेली नळी स्वस्त म्हणून कोणी सुचवील, तर ऐकूं नये; जस्त डिझेलांत उतरतें व त्याचे थर नोझलांवर बसतात. तांब्याची नळी वांकविण्यास सोपी खरी, पण सततच्या हादऱ्यांनीं ती कठीण होऊन तडकते. जुनी नळी न मोडतां काढावी. नवी वांकविण्यास तिच्यासारखा नमुना नाहीं. टोंक फुलविण्यापूर्वीं नट नळींत ओंवावा. हें सांगण्यासारखें नाहीं असें वाटेल, परंतु फुललेल्या टोंकावरून नट जात नाहीं, आणि मग केलेलें काम कापून टाकावें लागतें. शेवटीं दाबाच्या हवेनें नळी फुंकून साफ करावी.

चॅसिस व इंजिन ह्यांच्यामध्यें लवचिक होज लागतो, कारण इंजिन डोलत असतें. तो डिझेलासाठींच बनविलेला असावा. पाण्याचा रबरी पाइप डिझेलनें फुगून मऊ पडतो.

बँजो बोल्टाच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे घालावे. एकदां दाबलेलें तांबें कठीण होतें व पुन्हां नीट बसत नाहीं. नवे न मिळाल्यास मिस्त्री जुने लाल तापवून पाण्यांत टाकतात. पोलाद अशा रीतीनें कठीण होतें, तांबें मात्र मऊ होतें!

मग हवा काढावी. फिल्टरवरील स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातपंप चालवावा. प्रथम फेंस, मग बुडबुडे, शेवटीं अखंड डिझेल येतें. धार चालूं असतांच स्क्रू आवळावा. इंजेक्शन पंपावरही असेंच करावें.

नोझलांच्या नळ्यांची गोष्ट निराळी. त्यांतील दाब वातावरणाच्या दाबाच्या शंभरपटींहून अधिक चढतो. त्या घरीं बनवूं नयेत, तयारच आणाव्या. आणि तेथील गळती बोटानें कधींही चाचपूं नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी. ती धार कातडी भेदून मांसांत शिरते. जखम टांचणीच्या टोंकाएवढी दिसते, वेदनाही प्रथम थोडी. परंतु कांहीं तासांच्या विलंबानें बोट वा हात गमावण्याची पाळी येते. अशा वेळीं मलमपट्टी करीत न बसतां तत्काळ रुग्णालय गांठावें व डॉक्टरांस कारण स्पष्ट सांगावें.

इंजिन सुरू झाल्यावर सर्व सांधे पुसून कोरडे करावे व पंधरा मिनिटांनीं पुन्हां पाहावे. ओढीच्या नळीची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीं होते: गाडी रात्रभर उभी राहूनही सकाळीं हातपंपास हात न लावतां सुरू झाली, तर तींत हवा शिरत नाहीं असें समजावें.